वृद्धाश्रमाचा खर्च : एका जागेला चार माणसं

वर्षाचे तास ८,७६०. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांजवळ रात्रंदिवस कुणीतरी हवं, म्हणजे हे सगळे तास भरायला हवेत. आठवड्याला ४८ तासांची कायदेशीर मर्यादा, साप्ताहिक सुट्टी, ८ नैमित्तिक रजा, सणांच्या ८ सुट्ट्या आणि कामाच्या दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा धरली, तर एक कर्मचारी वर्षाला साधारण २,२६० तास मिळतो. भागाकार ३.९ येतो. काळजीवाहकाची एक जागा चोवीस तास भरायला चार माणसं लागतात, आणि वृद्धाश्रमाचं शुल्क बहुतांशी इथे ठरतं.

रायगडच्या किनाऱ्यावर ३० खाटांचा आश्रम धरू. पुढचे दर नमुन्याचे आहेत, वाचकाने आपल्या गावचे घालावेत. चोवीस तासांच्या तीन जागा म्हणजे १२ काळजीवाहक. पगार १५,००० रुपये. स्वयंपाकी, सफाई कामगार, परिचारिका मिळून कर्मचारी २० च्या वर जातात, म्हणून भविष्यनिर्वाह निधीचे १३ टक्के आणि राज्य विम्याचे ३.२५ टक्के मालकाने भरायचे. माणशी खर्च १७,४३८ रुपये, बारा जणांचा महिन्याला सुमारे २ लाख ९ हजार. दर खाटेमागे ६,९७५ रुपये, तेही फक्त काळजीवाहकांचे.

हाच आश्रम १२ तासांच्या पाळ्यांवर, आठवड्याला ७२ तास आणि रजेविना चालवला, तर १२ ऐवजी ७ माणसं पुरतात. खाटेमागचा खर्च ४,०६९ रुपयांवर येतो. २,९०६ रुपयांचा हा फरक काळजीवाहक मावश्यांच्या झोपेतून आणि रजांतून निघतो. कमी शुल्काची जाहिरात दिसली की पहिला प्रश्न पाळीचा विचारावा.

जेवण दिवसाला १०० रुपये धरलं तर महिन्याचे ३,००० होतात. डायपर दिवसाला तीन, प्रत्येकी ३५ रुपये : ३,१५०. अंथरुणावरच्या माणसाला अन्नापेक्षा डायपर महाग पडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तो फायदा पूर्ण पोचला तर बचत महिन्याला २१० रुपये.

या तीनच बाबींची बेरीज १३,१२५ रुपये. भाडं, औषधं, वीजबिल अजून बाहेर आहे. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० झालं. वाढ ५० टक्के, तरी त्यातून या बेरजेचे साडेअकरा टक्केच भागतात. ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा २००७ चा. त्यात मुलांकडून मिळू शकणाऱ्या निर्वाहाची कमाल मर्यादा महिन्याला १०,००० रुपये ठेवली आहे. न्यायाधिकरणाने पूर्ण रक्कम मंजूर केली तरी ३,१२५ कमी पडतात. ही मर्यादा काढण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत विधेयक आलं होतं. ते मंजूर झालं नाही.

रिकाम्या खाटेचं गणित वेगळं. ३० पैकी ६ खाटा रिकाम्या राहिल्या, तर रहिवासी २० टक्के घटतात, पण पाळ्या घटत नाहीत. उरलेल्या २४ जणांवरचा पगाराचा भार २५ टक्क्यांनी वाढून ८,७१९ रुपये होतो.

किनाऱ्याची स्वतःची खर्चाची कलमं आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकलं आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. हवेची गादी आणि ऑक्सिजन यंत्र विजेवर चालतात. जनरेटरला तासाला ३ लिटर, डिझेल ९० रुपये, रोज ८ तास : २,१६० रुपये, खाटेमागे दिवसाला ७२. जेवणाच्या जवळजवळ तीन चतुर्थांश. पावसाळ्यात गेटवे-मांडवा प्रवासी बोटी बंद असतात. तेव्हा मुंबईच्या रुग्णालयाकडे रस्त्याने न्यायचं तर अलिबागहून सुमारे १०० किलोमीटर.

मनुष्यबळाची अडचण मात्र सर्वांत खोल आहे. २००१ ते २०११ मध्ये रायगडची लोकसंख्या १९ टक्क्यांनी वाढून २६.३४ लाख झाली. त्या वाढीतला तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा एकट्या पनवेल तालुक्याचा. उरण, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन आणि म्हसळा हे किनाऱ्याकडचे पाच तालुके मिळून ६ टक्क्यांच्या आसपास वाढले. श्रीवर्धन आणि म्हसळा तर घटले. चाकरमानी मुलगा मुंबईला गेल्याने म्हातारीला आश्रमाची गरज पडते, आणि तशाच मुलामुलींच्या जाण्याने आश्रमाला बारावा काळजीवाहक मिळत नाही. १५,००० रुपयांत माणूस न मिळाल्यास पगारातली दर हजाराची वाढ, निधी पूर्ण पगारावर भरला तर, खाटेमागे ४६५ रुपये चढवते.

२००७ च्याच कायद्याचं कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जागांचा एक वृद्धाश्रम उभारण्याची मुभा राज्य सरकारला देतं. २०११ मध्ये राज्यात साठीपुढचे ९.९ टक्के होते. तेच प्रमाण रायगडला लावलं तर २.६१ लाख ज्येष्ठ, म्हणजे १,७४० जणांमागे एक जागा. वरच्याच हिशेबाने या १५० जागांना ६० काळजीवाहक लागतात. इमारत एकदा बांधून होते. काळजीवाहकांवरचा खर्च दर वर्षी १ कोटी २६ लाख रुपये.