ओवाळणीचे तबक

दिवाळी जवळ आली, की घरोघर एकच बोलणे ऐकू येते. "भाऊबीजेला बहिणीला काय घालायचे?" साडी महाग. भांडी महाग. हातात पैसा नाही. मग कोणी उसने आणतो, तर कोणी व्याजाने काढतो. सण एका दिवसाचा असतो. व्याज मात्र वर्षभर चालते.

आमचा रात्रीचा वर्ग शेलूला भरतो. नेरळ आणि वांगणी या दोन स्टेशनांच्या मध्ये आमचे गाव आहे. एका दिवाळीच्या आधीची गोष्ट. वर्गातील एक गडी उशिरा आला आणि कोपऱ्यात बसला. पाटीवर अक्षर काढीना. आम्ही विचारले, "काय रे बाबा, बरे नाही का?"

तो म्हणाला, "गुरुजी, भाऊबीजेला बहीण येणार. हजार रुपये काढतो म्हणतो. महिन्याला शेकडा पाच व्याज सांगितलंय."

आम्ही म्हटले, "घे पाटी. मांड हिशेब."

त्याने मांडला. शंभराला महिन्याचे ५ रुपये. हजाराला ५०. बारा महिन्यांचे ६००. मुद्दल हजार तसेच उभे! वर्गात कोणी काही बोलेना. मग तो हळूच म्हणाला, "पण गुरुजी, रिकाम्या हाताने पाटावर बसू कसा?"

प्रश्न खरा होता. बहिणीने ओवाळले, की तबकात काहीतरी पडायला हवे. त्यात भावाची अब्रू असते. आम्ही विचार केला. त्याचे जुने घर नुकतेच पाडले होते. आजोबांच्या वेळचे सागवानी दार भिंतीला टेकवून ठेवले होते. त्यातली एक फळी बंबात गेलीही होती. आम्ही म्हटले, "अरे, तुझी ओवाळणी चुलीत चालली आहे. त्या दाराचे तबक कर. शहरातले लोक त्यालाच ट्रे म्हणतात. चहाचे कप, फराळाच्या बश्या त्यातून नेता येतात. पाहुणा आला, की रोज बहिणीला तुझी आठवण होईल."

असे तबक कसे करावे, ते आज सांगतो.

आमचे पहिले तबक फुटले

आधी आमची फजिती ऐका. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्हीही आमच्या बहिणीसाठी तबक केले होते. भाद्रपदात आंब्याची ताजी फळी आणली. चारी बाजूंनी सरस लावला. वर भरपूर खिळे ठोकले. वाटले, आता हे जन्मभर हलणार नाही. दिवाळीला दिले. बहीण खूश झाली.

शिमग्याला तिच्या घरी गेलो, तो तबक मधोमध उभे फुटलेले! आम्हाला फार वाईट वाटले. बहीण म्हणाली, "दादा, फुटलं म्हणून टाकलं नाही मी. पापड वाळवायला घेते."

गावी आल्यावर एका वृद्ध सुताराला ती हकिकत सांगितली. तो हसला. म्हणाला, "गुरुजी, लाकूड मेलं तरी पाणी पितं. तुम्ही त्याला हलायला जागाच ठेवली नाही."

आपल्या घराचे दार आठवा. आषाढात ते चौकटीत अडकते. वैशाखात सैल होते. असे का होते? पावसात हवेत ओल असते. लाकूड ती ओल शोषून घेते व फुगते. उन्हाळ्यात ओल निघून जाते व लाकूड आकसते. पण ते सगळीकडून सारखे फुगत नाही. झाड ज्या दिशेने उंच वाढते, त्या दिशेने लाकडाच्या रेषा असतात. त्या रेषांच्या लांबीत फळी जवळजवळ वाढत नाही. रुंदीत मात्र वाढते. फूटभर रुंद सागाची फळी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत साधारण एक सूत फुगू शकते.

आमची फळी ओली होती. हिवाळ्यात ती वाळून आकसू लागली. कडा तर खिळ्यांनी धरून ठेवलेल्या. मग ती मधोमध फुटली. दोष लाकडाचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता.

म्हणून ही गोष्ट पक्की ध्यानात धरा : लाकूड वाळलेले घ्या आणि त्याला हलायला जागा ठेवा.

लाकूड कोणते घ्यावे?

प्रत्येक लाकडाचा गुण वेगळा असतो. सावंतवाडीचे कारागीर खेळण्यांसाठी पूर्वीपासून पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरीत आले. तबकाला साग चांगला. सागात मुळचेच तेल असते. त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि तो फारसा वाकत नाही.

त्यासाठी झाड मात्र तोडू नका. साग, आंबा, फणस अशी झाडे आपल्या शेतात असली, तरी ती परवानगीवाचून तोडता येत नाहीत. तसा १९६४ चा कायदा आहे. आणि ताज्या लाकडाचे काय होते, ते वर सांगितलेच. जुने दार, जुना पलंग, मोडलेले कपाट यांचे लाकूड उत्तम. ते वर्षानुवर्षे वाळलेले असते. आपल्या भागात जुनी घरे पडत आहेत आणि इमारती उठत आहेत. किती तरी चांगले सागवान भंगारात नाहीतर चुलीत जाते. ते वाचवा.

जुने लाकूड घेताना तीन गोष्टी पाहा. एक, आत खिळे राहिले नाहीत ना? राहिले तर करवतीचे दात जातील. दोन, बारीक भोके व पिठासारखा भुसा दिसतो का? दिसला तर आत कीड आहे, ती फळी नको. तीन, जुना तेलरंग लावलेली फळी घेऊ नका. जुन्या रंगात शिसे असू शकते. ते विषारी असते. घासताना त्याची धूळ पोटात जाते. लहान मुलांना तर ती फारच वाईट.

मापे

आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने मीटर आणि किलोची मापे आली. तरी आपले सुतार अजून इंच आणि सूत म्हणतात. ८ सूत म्हणजे १ इंच. टेपच्या एका कडेला इंच असतात आणि दुसऱ्या कडेला सेंटीमीटर. अर्धे माप एका कडेने व अर्धे दुसऱ्या कडेने घेऊ नका. कित्येक टेपांवर इंचाचे १६ भाग असतात. तेथे दोन बारीक भागांचे एक सूत होते.

आता कागद घ्या आणि ही मापे लिहून काढा :

तळाच्या फळ्या ३. प्रत्येकीची लांबी १८ इंच, रुंदी ३ इंच ६ सूत, जाडी ४ सूत.

मुठीच्या फळ्या २. प्रत्येकीची लांबी ११ इंच ४ सूत, उंची ३ इंच, जाडी ६ सूत.

बाजूच्या पट्ट्या २. प्रत्येकीची लांबी १८ इंच, उंची १ इंच ४ सूत, जाडी ४ सूत.

मुठीची फळी ११ इंच ४ सूत का? हिशेब करा. तळाच्या तीन फळ्यांची रुंदी मिळून ११ इंच २ सूत होते. दोन फळ्यांमध्ये एकेक सुताची फट ठेवायची. अशा दोन फटी. म्हणजे आणखी २ सूत. बेरीज ११ इंच ४ सूत. हीच ती फुगायची जागा.

माप घेऊन खूण करा. मग पुन्हा मोजा. करवत चालवल्यावर चूक पुसता येत नाही. पाटीवरचे अक्षर पुसता येते, लाकडाचे तसे नाही.

काम कसे करावे?

हत्यारे थोडीच लागतात. करवत, रंधा, गुण्या, गिरमिट, पटाशी, हातोडी आणि पेचकस. घरी नसतील तर सुताराकडून मागून आणा. त्याच्या पडवीत बसून काम केले तर आणखी चांगले. चुकले तर तो सांगेल.

पहिले, फळ्या कापा आणि रंध्याने साफ करा. रंधा लाकडाच्या रेषांच्या ओघाने चालवा. उलटा चालवला तर ढलप्या निघतात. प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावून पाहा. कोपरा काटकोनात नसेल, तर तबक टेबलावर डुगडुगेल.

दुसरे, मुठीची भोके. मुठीच्या फळीवर एका टोकापासून ३ इंच ६ सुतांवर एक खूण करा. दुसरी खूण ७ इंच ६ सुतांवर करा. मध्ये ४ इंच राहतात. त्यात चार बोटे मावतात. वरच्या कडेपासून ६ सूत सोडा. त्याखाली एक इंच उंचीचे भोक आखा. आखलेल्या जागेत गिरमिटाने जवळजवळ भोके पाडा. उरलेला भाग पटाशीने काढा. अर्धे काम एका बाजूने करा, अर्धे दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने ठोकले तर पलीकडची ढलपी उडते. पटाशी धरलेल्या हातापुढे दुसरा हात कधी ठेवू नका.

तिसरे, जोडणी. तळाच्या तीन फळ्या सपाट जागी शेजारी शेजारी ठेवा. मध्ये एकेक सुताची फट ठेवा. दोन्ही टोकांना मुठीच्या फळ्या उभ्या ठेवा. तळाच्या प्रत्येक फळीला प्रत्येक टोकाला एकच स्क्रू लावा. तो फळीच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर, खालून वर, सव्वा इंची. आधी गिरमिटाने बारीक भोक पाडा, नाहीतर लाकूड चिरेल. येथे सरस किंवा फेविकॉल लावू नका. एका स्क्रूवर फळी दोन्ही बाजूंना फुगू शकते. दोन स्क्रू लावले, की ती बांधली गेली आणि आमच्या तबकाची गत झाली.

चौथे, बाजूच्या पट्ट्या. त्या कडेच्या फळ्यांना बाहेरून लांबीने लावायच्या. येथे मात्र फेविकॉल चालतो. कारण पट्टी आणि फळी या दोन्हींच्या रेषा एकाच दिशेने आहेत. दोन्ही एकसारख्या हलतात. पट्टी मुठीच्या फळीला चिकटवू नका. सुतळीने तबक आवळून बांधा. सुतळीत काडी घालून पीळ द्या. एक रात्र तसेच राहू द्या.

पाचवे, घासकाम. आधी जाड, मग बारीक घासकागद. हातावरून आणि मुठीच्या भोकातून बोट फिरवून पाहा. कुसळ लागता कामा नये.

तेल कोणते लावावे?

खोबरेल लावू नका. ते लाकडावर सुकत नाही. चिकट राहते आणि पुढे खवट वास येतो. जवसाचे तेल सुकते व लाकडावर घट्ट थर धरते. खाण्याचे जवसाचे तेल घ्या. रंगाच्या दुकानातील उकळलेल्या तेलात लवकर सुकण्यासाठी धातूची द्रव्ये घातलेली असतात. खाण्याच्या वस्तूला ते नको.

फडक्याने पातळ हात द्या. अर्ध्या तासाने जास्तीचे तेल पुसा. नीट वाळू द्या. असे तीन हात द्या. म्हणून तबक दिवाळीच्या निदान तीन आठवडे आधी करायला घ्या.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. जवसाच्या तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना गरम होते. गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळू द्या.

तबक पाण्यात भिजत ठेवू नये. ओल्या फडक्याने पुसावे. आणि ओवाळताना निरांजन पितळी ताम्हनातच ठेवावे. लाकडावर पेटता दिवा नको.

हात आणि अक्षर

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. गांधीजी अध्यक्ष होते. मुलांना हाताच्या उद्योगातून शिकवावे, असा विचार तेथे त्यांनी मांडला. दूर युरोपात फिनलंड देशात १८६६ पासून शाळेत हस्तकाम शिकवतात. आम्ही जन्मभर शाळेत होतो, पण खरे सांगायचे तर हे आम्हाला उशिरा उमगले. आमच्या वर्गातील त्या गड्याला बेरीज जमत नव्हती. पण सुताची बेरीज त्याने एका रात्रीत शिकून घेतली. गरज होती ना!

तबक तयार झाले. शेवटचा तेलाचा हात द्यायच्या आधी त्याने ते उलटे केले. पेन्सिलने खाली बहिणीचे नाव लिहिले. पाटीबाहेर त्याने लिहिलेले ते पहिले नाव. एक वेलांटी चुकली होती. आम्ही ती दुरुस्त केली नाही.

भाऊबीजेला तो पाटावर बसला. बहिणीने ओवाळले. त्याने तबक पुढे केले. तिला वाचता येत नव्हते. तिच्या मुलीने खालचे नाव वाचून दाखवले. तेव्हा बहीण म्हणाली, "तू लिहिलंस? तू?"

हजार रुपये काढावे लागले नाहीत. स्क्रू, घासकागद, तेल आणि थोडा फेविकॉल, एवढाच खर्च आला.

मंडळी, तुमच्याही घरी माळ्यावर एखादी जुनी फळी असेल. ती चुलीत घालण्याआधी एकदा टेप लावून पाहा. मापे कागदावर लिहा. दिवाळीला अजून वेळ आहे.