पिशवी काढल्यानंतरचा रक्तस्राव

‘पिशवी काढली, मग आता रक्त कुठून येतं?’ मोमिनपुऱ्यातल्या आमच्या एका खालांनी ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी मला हळूच विचारलं. मैत्रिणींनो, ही पाळी नव्हे. गर्भाशय काढल्यावर योनीमार्गाचं वरचं टोक टाके घालून बंद करतात. ती जखम भरताना, टाके विरघळताना ४ ते ६ आठवडे थोडं लालसर, तपकिरी जाऊ शकतं. ते हळूहळू कमी व्हायला हवं. तासाभरात पॅड भिजलं, गाठी पडल्या, दुर्गंधी आली, ताप चढला किंवा पोटदुखी वाढली, तर लाजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

निदान ६ आठवडे भरल्या बादल्या उचलायच्या नाहीत; डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत शरीरसंबंधही नाही. पण विश्रांती प्रत्येकीच्या नशिबी नसते. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. एक खाडा झाला की तिथे मजुरी कापतात. मग जखम भरेपर्यंत थांबणार कोण?

म्हणून घरच्यांनाही सांगते : टाके डॉक्टर घालतात, पण जखम भरते ती विश्रांतीनं. तेवढी तिला द्या.