भाषा येत नसली तरी सौदा चोख हवा

चीनच्या चेज्यांग प्रांतातील शाओशिंग शहराचा कछियाओ हा भाग कापडाच्या घाऊक बाजारासाठी जगभर ओळखला जातो. जवळचा मोठा विमानतळ हांगचौ. २०२० मध्ये बंद पडलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून नाशिक-मालेगावचे तरुण व्यापारी मला एकच प्रश्न विचारतात : चाचा, तिथली भाषा येत नाही, मग सौदा करायचा कसा?

आपल्या लोकांना अनेक भाषांची सवय आहे. मालेगावचा कारखानदार घरात उर्दू बोलतो, सरकारी कचेरीत मराठी आणि मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात हिंदी-गुजराती. कछियाओच्या बहुतेक गाळ्यांवर यांपैकी काहीच चालत नाही. गाळ्यावर बसलेली मुलगी कॅल्क्युलेटर पुढे करते, आपण आकडा खोडून दुसरा टाकतो, आणि भाव ठरतो. काम सोपे वाटते. धोका पुढे आहे.

पहिला धोका बोटांचा. चिनी माणूस एका हाताने दहापर्यंत मोजतो. अंगठा व करंगळी उभी म्हणजे सहा. अंगठा व तर्जनी उभी म्हणजे आठ; आपण ते दोन समजतो. बोलण्यातही चारला ‘स’ आणि दहाला ‘श’ यासारखा उच्चार आहे, आणि त्या भागातले पुष्कळ लोक दोन्ही जवळजवळ सारखेच बोलतात. आपल्याकडे जुन्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत. तेथे दोघांनाही खूण ठाऊक असे. येथे ती एकालाच ठाऊक असते. म्हणून आकडा नेहमी कागदावर घ्यावा.

दुसरा धोका मापाचा. एका गाळ्यावर मला दिलेला भाव मीटरचा समजून मी हिशेब मांडत होतो. टेप काढून ‘एक’ दाखवायला सांगितले, तेव्हा बोट ९१ सेंटिमीटरच्या पुढे जरासे थांबले. भाव वाराचा होता. दहा हजार वार म्हणजे ९,१४४ मीटर; ८५६ मीटरचा फरक. एवढ्यात एखाद्या लहान दुकानदाराचा सारा नफा जातो. पन्हाही तेथे बहुधा सेंटिमीटरमध्ये सांगतात : ५८ इंच म्हणजे सुमारे १४७.

तेव्हा चार गोष्टी कराव्यात. नमुन्याचे दोन तुकडे कापून, दोघांच्या सह्या घेऊन, एक आपल्याकडे ठेवावा. भाव, माप, पन्हा, वजन आणि ताक्यांची संख्या चिनी व इंग्रजी दोन्हीत लिहून घ्यावी. कागदावर कंपनीचा लाल शिक्का असावा. तेथे सहीपेक्षा शिक्क्याला महत्त्व आहे. माल भरताना तपासणारा माणूस आपला असावा, विकणाऱ्याने दिलेला नव्हे. आयातीचे नियम व जकात आधीच आपल्या कस्टम एजंटकडून समजून घ्यावी.

राहण्या-फिरण्याचे थोडक्यात. हॉटेलचे चिनी लिपीतले कार्ड खिशात ठेवावे; टॅक्सीवाल्याला तेच दाखवायचे. गुगलच्या सेवा तेथे चालत नाहीत, म्हणून भाषांतराचे साधन निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावे. जेवणाची चिंता आपल्या शाळेने थोडी कमी केली आहे : चिनी मुसलमानांच्या शेवयांच्या दुकानांवर पूर्वी पुष्कळदा अरबी अक्षरांत ‘हलाल’ लिहिलेले असे; आता ते कुठे कुठेच दिसते, पण असले तर उर्दू शिकलेला माणूस ते दुरूनच वाचतो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले तेव्हा त्यांनाही चिनी येत नव्हती. त्यांनी ती शिकून घेतली, कारण त्यांना तेथे राहायचे होते. आपल्याला आठवडाभरच थांबायचे असते, तरी एक ते दहा आकडे आणि ‘मीटर’ला काय म्हणतात एवढे पाठ करूनच निघावे. पहिल्या खेपेत ऑर्डर देऊ नये. नमुने आणावेत, मालेगावच्या मालाशी ताडून पाहावेत, मगच बयाणा पाठवावा.