गोगलगाय कशावर बसली होती?

सभागृहाबाहेर लावलेले फोटो येताना तुम्ही पाहिले असतील. काळ्या वाळूवरच्या पिवळ्या गोगलगायीचा फोटो सगळ्यात सुंदर, असं बऱ्याच जणांनी आत्ताच आम्हाला सांगितलं. आम्हा दोघांच्या मते तो आमच्या संग्रहातला सगळ्यात निरुपयोगी फोटो आहे. का, ते सांगतो.

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाजवळ बितुंग नावाचं बंदर आहे आणि त्याच्या समोर लेंबे बेट. या दोहोंमधल्या अरुंद सामुद्रधुनीचा तळ बराचसा ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचा आहे. पहिल्यांदा स्कूबा करून खाली उतरलं की फसवणूक झाल्यासारखं वाटतं. प्रवाळांची बाग नाही, माशांचे थवे नाहीत. नुसती वाळू, मध्येच एखादी बाटली. पण विचित्र अपृष्ठवंशीय प्राणी बघायचे तर जगभरचे लोक इथेच येतात. दुसऱ्या प्राण्यांची सोंगं घेणारा ऑक्टोपस शास्त्रज्ञांच्या नजरेस आला तो १९९८ साली, सुलावेसीच्याच किनाऱ्याजवळ. त्याला रीतसर शास्त्रीय नाव मिळायला २००५ उजाडलं.

आमची गोगलगाय न्यूडिब्रँक गटातली. या शब्दाचा अर्थ ‘उघड्या कल्ल्यांची’. अंड्यातून बाहेर पडते तेव्हा हिला इवलासा शंख असतो, मोठी होताना ती तो टाकून देते. हिच्या तीन हजारांहून जास्त जाती माहीत आहेत. डोळे अगदी नावापुरते, उजेड-अंधार कळण्याइतकेच. डोक्यावरच्या दोन शिंगांनी ती पाण्यातला वास घेते आणि त्यावरच चालते.

आता शंख टाकला, मग हिचं संरक्षण कोण करणार? तर हिचं खाणं! काही जाती स्पंज खातात आणि त्यातली विषारी रसायनं स्वतःच्या अंगात साठवतात. काही हायड्रॉइड खातात; त्यांच्या दंशपेशी न फुटता पोटातून पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकांपर्यंत पोचवतात आणि स्वतःच वापरतात. चोरीचा दारूगोळा म्हणा ना! म्हणूनच यांतल्या पुष्कळ जाती खाण्याच्या बाबतीत हट्टी असतात, एखाद्या ठरावीक स्पंजाशिवाय दुसऱ्याला तोंड लावत नाहीत. काही तर रंगही त्या स्पंजासारखाच घेतात.

आमची अशीच होती. अठरा मीटर खोलीवर, स्पंजावर, स्पंजाच्याच रंगाची, जेमतेम दोन सेंटिमीटर लांब. टॉर्चच्या उजेडात शिंगं हलली म्हणून दिसली. फोटो काढला तर स्क्रीनवर नुसता स्पंज! मग आम्ही वाळूत टेकवायच्या काठीनं तिला हळूच उचललं आणि शेजारच्या काळ्या वाळूवर ठेवलं. पिवळ्यावर काळं, किती छान! अकरा फोटो काढले. हवा कमी झाली, वर आलो. ती तिथेच राहिली.

परत आल्यावर जात ओळखण्यासाठी तो फोटो आम्ही एका अभ्यासकांना पाठवला. त्यांनी फोटोचं कौतुक केलं नाही. एकच विचारलं, “ती कशावर बसली होती?” बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जाती इतक्या आहेत, की अन्न कोणतं आणि अंड्यांची फीत कशी, यावरून बराच उलगडा होतो. आमच्याकडे उत्तर नव्हतं. स्पंजाकडे आम्ही नीट पाहिलंही नव्हतं. फोटोत फक्त वाळू. फाइलवर आजही जातीचं नाव नाही. आणि जिला दिसत नाही, तिला आम्ही तिच्या ताटावरून उचलून उघड्यावर टाकलं, हे वेगळंच.

तर त्यानंतर पद्धत बदलली. पाणी आधी लाल रंग गिळतं, मग नारिंगी, मग पिवळा. पाच मीटरवरच लाल रंग फिका पडतो. ही खोली फक्त वरून खाली मोजायची नाही बरं का. फ्लॅशचा उजेड प्राण्यापर्यंत जाऊन परत कॅमेऱ्यात येतो, तेवढं पाणीही त्यात धरायचं. म्हणून जवळ जायचं, हातभर अंतराच्या आत. दोन फ्लॅश बाजूंना फाकवून ठेवायचे, नाहीतर मधला गाळ उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा भाग काही मिलिमीटरचाच असतो. माणसाच्या फोटोत आपण डोळ्यांवर फोकस करतो, इथे शिंगांवर.

सगळ्यात अवघड काय, तर श्वास. जमिनीवर श्वास रोखून शटर दाबायची आपल्याला सवय असते. पाण्याखाली ती मोडायचीच! श्वास रोखून वर सरकलात तर फुफ्फुसातली हवा फुगते आणि जिवावर बेतू शकतं. सावकाश श्वास सोडत राहायचं आणि त्या ओघात फोटो घ्यायचा. हुकला तर हुकला.

पहिला फोटो आता आजूबाजूच्या सगळ्यासकट घेतो, दिसायला कितीही कंटाळवाणा असला तरी. जवळचा नंतर. काठी बोटीवरच ठेवतो.

मघाशी कुणीतरी विचारलं, मालवणला हे जमेल का? जमेल की. तिथलं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं, पण आपल्याला हातभर लांबचंच बघायचंय. पावसाळा सोडून जा. आणि डायव्हिंग येत नसेल तर मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर जा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून तिथल्या अशा जीवांच्या नोंदी करताहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी ओहोटी गाठा, फोनचा कॅमेराही पुरतो. एखादा दगड उलटलात तर तो होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवा. खालचे स्पंज आणि अंडी उन्हात तासाभरातही वाळू शकतात.