चूक झाली, पण कोणती?

आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. चेक परत येणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. परत आलेल्या चेकला बँक एक चिठ्ठी जोडते आणि तीवर कारण लिहिते : खात्यात पुरेशी शिल्लक नाही, सही जुळत नाही, किंवा तारखेला तीन महिने उलटून गेले. कारण वेगळे, तसा उपायही वेगळा. शिल्लक नसेल तर भरणा करावा, सही चुकली असेल तर पुन्हा घ्यावी, मुदत गेली असेल तर नवा चेक मागावा. पुरेशा शिलकेअभावी परत आलेल्या चेकला तर १९८९ पासून फौजदारी कलमही लागू झाले आहे. बँकेने नुसते 'चेक परत' एवढेच लिहून तो आपल्या हाती ठेवला असता तर?

संगणकासाठी आज्ञावली लिहिताना आपण पुष्कळदा नेमके हेच करतो. मीही केले, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

माझे काका पैनगंगेकाठी कापूस करतात. शेजारच्या चार-पाच घरांचा कापूस एकाच गाडीने आदिलाबादच्या बाजारात येतो, व मागाहून वजनाच्या पट्ट्यांवरून पैशांची वाटणी होते. पट्टीवरची अक्षरे तेलुगू, म्हणून नोंदीचे काम माझ्याकडे. त्यासाठी मी सी भाषेत एक छोटी आज्ञावली लिहिली होती. एके रात्री सगळ्या पट्ट्या भरल्या. पडद्यावर 'नोंद पूर्ण झाली' असे आले. त्या भरवशावर दोन कागदी पट्ट्या मी टाकूनही दिल्या. सकाळी फाइल उघडली तो निम्म्या नोंदी गायब! पेन ड्राइव्ह भरला होता. एका घराचे वजन किती, यावर शेजाऱ्यांत बोलाचाली झाली, आणि शेवटी काकांनी तो फरक आपल्या वाट्यातून सोसला. मला ते एवढेच म्हणाले, "अरे, जागा नव्हती तर त्यानं तसं सांगायचं ना!"

खरी गोष्ट अशी की संगणकाने ते सांगितले होते. मी विचारले नव्हते.

फाइल, डिस्क, पडदा यांवर आपल्या आज्ञावलीचा थेट ताबा नसतो. तो प्रचालन प्रणालीकडे, म्हणजे लिनक्ससारख्या व्यवस्थापकाकडे असतो. आपण त्याच्याकडे विनंती करतो. या विनंतीस 'सिस्टीम कॉल' म्हणतात. विनंती फसली तर बहुधा उणे एक हे उत्तर येते, आणि कारणाचा क्रमांक 'एर्नो' नावाच्या जागी ठेवला जातो. लिनक्सवर २ म्हणजे अशी फाइल नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २८ म्हणजे जागा उरली नाही. क्रमांकाचे शब्दांत रूपांतर 'स्ट्र-एरर' हे फंक्शन करते, आणि 'पी-एरर' ते परस्पर छापूनही देते. कारणाची चिठ्ठी तयारच असते. ती वाचून वापरणाऱ्याच्या हाती देणे, एवढेच आपले काम.

ते करताना चार गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, प्रत्येक विनंतीचे उत्तर तपासावे, फाइल बंद करण्याचेसुद्धा. आपण लिहिलेला मजकूर आधी स्मृतीत साठतो व प्रत्यक्ष डिस्कवर मागाहून जातो. त्यामुळे 'जागा नाही' हे पुष्कळदा 'एफक्लोज'च्या वेळीच कळते. मी तिथेच फसलो.

दुसरी, एर्नो फक्त विनंती फसल्यावर पाहावा, आणि लगेच बाजूला टिपून ठेवावा. यशस्वी विनंती तो पुसून शून्य करीत नाही, आणि मध्ये आणखी काही छापले तर तो बदलूही शकतो. जुन्या युनिक्सवर 'हे टंकलेखन यंत्र नव्हे' असा विचित्र संदेश भलत्याच ठिकाणी दिसे, तो यामुळेच. समोर टर्मिनल आहे की साधी फाइल, याची चौकशी आधी कधीतरी झालेली असे. तिचा क्रमांक २५ तसाच पडून राही, आणि पुढच्या वेगळ्याच चुकीला तो चिकटवला जाई.

तिसरी, काय करीत होतो आणि कशावर, हे सांगावे. 'अशी फाइल नाही' एवढ्याने भागत नाही. कोणती फाइल? तिचे नाव अवतरणचिन्हांत द्यावे, म्हणजे नावात चुकून पडलेली मोकळी जागाही दिसते. आणि कारण स्वतःच्या मनाने लिहू नये. फाइल न उघडण्याचे कारण काहीही असो, आपल्यापैकी बरेच जण 'फाइल सापडली नाही' असे छापतात. फाइल जागेवर असते, परवानगी नसते, आणि वापरणारा तासभर फाइल शोधत बसतो. प्रत्येक चेकवर 'सही जुळत नाही' असे लिहिणाऱ्या बँकेला आपण काय म्हणू?

चौथी, हा संदेश नेहमीच्या उत्तरांत मिसळू नये. त्यासाठी 'एसटीडी-एरर' हा वेगळा मार्ग आहे. उत्तरे फाइलमध्ये वळवली तरी तक्रार पडद्यावर दिसते. शिवाय आज्ञावली संपताना शून्याऐवजी दुसरा अंक परत करावा, म्हणजे पुढच्या आज्ञावलीलाही अपयश कळते.

चांगला संदेश असा असतो : 'हिशेब : "पट्ट्या" या फाइलमध्ये लिहिता आले नाही : डिस्कवर जागा उरली नाही.' कोण, काय, कशावर आणि का, ही चारही उत्तरे एका ओळीत आली.

वाचकहो, यासाठी मला फार तर पंधरा-वीस ओळी जास्त लिहाव्या लागल्या. परीक्षेत अशा ओळींना वेगळे गुण मिळत नाहीत, आणि सारे सुरळीत चालले तर त्या कोणाला दिसतही नाहीत. काकांच्या आज्ञावलीत आता कारण मराठीत येते. कागदी पट्ट्या मात्र वाटणी होईपर्यंत मी जपून ठेवतो.