वाळा : माठातील मुळी आणि बांधावरील गवत

उन्हाळा लागला म्हणजे घरोघरी माठाच्या पाण्यात वाळ्याची जुडी सोडतात. मुलांस वाळा ठाऊक असतो तो एवढाच. या सुगंधी मुळ्यांच्या वर एक हिरवे गवत असते, ते वर्षानुवर्षे जगते व शेताची माती धरून ठेवते, ही गोष्ट खेड्यातील मुलांसही बहुधा माहीत नसते.

वाळ्यास संस्कृतात उशीर व हिंदीत खस म्हणतात. त्याची दाहशामक म्हणून ख्याती जुनी आहे. कालिदासाच्या शाकुंतलात तिसऱ्या अंकाच्या आरंभी शकुंतलेसाठी उशीराचा लेप नेला जात असल्याचा उल्लेख येतो. सरबत, अत्तर व खिडकीवर लावून पाणी शिंपडावयाच्या ताट्या हे त्याचे उपयोग सर्वपरिचितच आहेत.

वाळ्याचा ठोंब दाट असून पाने अरुंद, लांब व ताठ असतात. गवती चहा व वाळा यांत मुलांचा घोटाळा होतो. दोहोंचे एकेक पान चुरडून हुंगावयास द्यावे : गवती चहाचा सुगंध पानांत असतो, वाळ्याचा मुळांत, त्याच्या पानास सुगंध नसतो. दुसरा भेद हरळीशी आहे. हरळी जमिनीलगत धावते व पिकात शिरते. वाळा लावला तेथेच राहतो. त्याची मुळे आडवी फारशी न पसरता सरळ खाली उतरतात आणि खोल जमिनीत 3 मीटरपर्यंत पोहोचतात. दक्षिण भारतात लागवडीत असलेल्या प्रकारास रुजणारे बी सहसा धरत नाही. म्हणून तो तण होऊन बसत नाही, व ठोंब फोडूनच त्याची वाढ करावी लागते.

मातीचा बांध पाणी अडवतो; पण अडलेले पाणी एखाद्या कच्च्या जागी साचून बांध फोडते आणि मग तेथूनच ओघळ पडते. वाळ्याच्या ओळीचे काम निराळे आहे. ती पाणी थोपवीत नाही, गाळते. दाट ठोंबांतून पाणी सावकाश पलीकडे जाते, वाहून आलेली माती अलीकडे बसते, आणि काही वर्षांत ओळीच्या वरच्या बाजूस आपोआप सपाट पट्टी तयार होते. कर्नाटकात गुंडलुपेटकडील शेतकरी शेताच्या हद्दीवर पूर्वीपासून वाळा लावीत आले आहेत. जॉन ग्रीनफील्ड यांनी 1950 नंतरच्या दशकात फिजी बेटांतील उसाच्या शेतांत या ओळींचा उपयोग केला होता. पुढे 1980 नंतर ते व रिचर्ड ग्रिमशॉ यांनी जागतिक बँकेच्या भारतातील कामात त्यांचा पुरस्कार केला.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती मुलांपुढे अवश्य मांडावी. सुगंध मुळात आहे आणि माती धरण्याचे बळही मुळातच आहे. मूळ विकावयाचे तर ठोंब उपटावा लागतो. उतारावरील वाळा उपटला म्हणजे भुसभुशीत झालेली माती पहिल्या जोराच्या पावसात निघून जाते. वाळ्याच्या तेलासाठी प्रसिद्ध असलेल्या हैती देशात डोंगरउतारांवर हे घडले आहे. तेव्हा बांधावरील वाळ्यास कुदळ लावू नये. मुळांसाठी सपाट, रेताड जमिनीचा वेगळा तुकडा राखावा. तेथे मुळे खणणे सोपे जाते व सुमारे दीड वर्षात ती काढणीस येतात. बांधावरील ओळीकडून पाने घ्यावीत. कोवळी असता गुरे ती खातात, जून झाली म्हणजे शाकारणीस व आच्छादनास येतात.

लागवड पावसाळ्याच्या आरंभी करावी. जुना ठोंब खणून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करावे, पाने वीतभर ठेवून छाटावी आणि 10 ते 15 सेंटीमीटर अंतराने लावावे. ओळ उताराला आडवी व समपातळीत हवी. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबणे बरे नव्हे. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधून, मध्ये आडवी काठी ठोकून व शेंड्यापासून दगड बांधलेली दोरी सोडून मुलेच साधन करू शकतात. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी आडव्या काठीवर येईल तेथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोहोंचा मध्य ती समपातळीची खूण. भूमितीच्या तासास याहून चांगला पाठ क्वचितच मिळेल.

वाळ्यास सावली मानवत नाही, म्हणून ओळ झाडाखाली घेऊ नये. पहिल्या वर्षी गुरांपासून जपावे. मेलेल्या ठोंबांच्या जागा दुसऱ्या पावसात न चुकता भराव्यात, कारण एका खिंडारातून ओळीचे सारे पाणी धाव घेते. पावसाच्या दिवशी ओळीच्या वरचे व खालचे पाणी दोन बाटल्यांत भरून वर्गात ठेवावे आणि गाळ बसल्यावर मुलांकडून पट्टीने मोजवून घ्यावा. पहिल्या पावसाळ्यात दोन्ही बाटल्यांत फारसा फरक दिसणार नाही. ओळ दाट होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. यास्तव मोजणीची वही शाळेच्या दप्तरातच ठेवावी.