काचेआडचे रान आणि नान्नजचा माळ

उन्हाळ्याच्या सुटीत सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईस जाणाऱ्या सोलापूरकर कुटुंबांच्या यादीत राणीची बाग, गेटवे आणि चौपाटी ही स्थळे ठरलेलीच असतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील निसर्गविभाग मात्र ‘वेळ उरला तर’ या सदरात पडतो. वास्तविक लहान मुले सर्वाधिक रमतात ती तिथेच. हे संग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि त्यातील प्राण्या-पक्ष्यांच्या दालनाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहाचा आधार लाभला. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन नेमका सुटीत येतो, हीही एक सोय.

पाच-सहा वर्षांच्या मुलाचा पहिला प्रश्न बहुधा ‘हा खरा आहे का?’ असा असतो आणि दुसरा, ‘मग हलत का नाही?’ येथे पालक गडबडतात. ‘झोपला आहे’ हे उत्तर सोपे, पण मूल तो जागा होण्याची वाट पाहत बसते! प्राणी मेलेला आहे. कातडी, पिसे, शिंगे खरी आहेत, आत आधाराचा साचा आहे आणि डोळे काचेचे आहेत, असे सरळ सांगितले की भीती ओसरते आणि निरीक्षण सुरू होते. पालकांनी मुलाच्या उंचीइतके खाली बसून पाहिले, तर चोचीचा बाक, पंजांची ठेवण त्यांनाही दिसते. तासाभरात पाच-सहा काचा पुष्कळ झाल्या. सगळे दालन पालथे घालण्याचा हट्ट मोठ्यांचा असतो.

या भेटीची तयारी सोलापुरातच करता येते. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर नान्नजचा माळ आहे. तेथे पळणारे काळवीट पाहिलेले मूल काचेआडच्या शिंगांपुढे अधिक वेळ थांबते. मात्र ज्याच्यासाठी १९७९ मध्ये हे अभयारण्य घोषित झाले, तो माळढोक आता तेथे क्वचितच दृष्टीस पडतो. सुमारे मीटरभर उंचीचा, १५ किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालतो. गवताळ माळ नांगराखाली गेले, भटकी कुत्री वाढली, विजेच्या तारा आल्या. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी उडताना तारांना धडकतो.

‘आपला पक्षी कुठे गेला?’ या प्रश्नाचे उत्तर देताना आई-वडिलांना हे सारे सांगावे लागते. राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून रानातली अंडी आणून कृत्रिमरीत्या उबवली जात आहेत आणि त्या केंद्रात पिले वाढत आहेत, हेही त्याच दमात सांगावे. मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मग त्यातले एक नान्नजला कधी येणार?’